'आनंद करा' हे मराठी आहे का?

एका वाचकाने विचारलं आहे: "आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहतं. त्यांच्या बाहेरच्या खोलीत दारासमोरच लाकडी तक्ती आहे, 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा'. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे मयत झाली. भेटायला गेलो तेव्हा नजर सारखी त्या तक्तीकडे जात होती. अशा घरात ते वाक्य विचित्र वाटलंच, पण त्याआधी ते मराठी म्हणून खटकलं. आपण 'आनंदात राहा' म्हणतो, 'आनंद माना' म्हणतो. आनंद 'करा' कसा? हे इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून केलेलं भाषांतर आहे का? आणि 'प्रभूमध्ये' म्हणजे नेमकं कुठे?"

आधी इंग्रजीवरचा आळ काढून टाकते. इंग्रजीत या जागी एकच क्रियापद आहे, 'रिजॉइस'. आनंद हे नाम आणि करणे हे क्रियापद अशी जोडी तिथे नाहीच, म्हणजे 'करा' इंग्रजीतून आलेलं नाही. वाक्य बायबलमधलं आहे. हिंदी बायबलही तेच सांगतं, पण 'प्रभु में सदा आनन्दित रहो' असं. हिंदीने 'रहो' निवडलं, मराठीने 'करा'. हा 'करा' आपला आहे, आणि माझ्या मते भाषांतरकाराला तो सहज सुचलेला नाही, मराठीच्या व्याकरणाने त्याला तिथे ढकललं आहे.

कसं ते बघा. आनंद या शब्दाबरोबर आपण रोज कोणती क्रियापदं वापरतो? मला आनंद झाला. मला आनंद वाटला. दोन्हीकडे 'मला'. वाक्याचा कर्ता आनंद आहे, मी नाही. मी नुसती चतुर्थीत बसून आहे. राग येतो, भूक लागते, आठवण येते, रडू येतं, कंटाळा येतो, तसाच आनंद होतो. मनात जे जे घडतं ते आपल्याकडे बाहेरून आल्यासारखं बोलायची मराठीची ही जुनी रीत. आता याचं आज्ञार्थी रूप करून बघा. 'तुला आनंद हो!' कोणी म्हणणार नाही. पाहुण्याला 'या' म्हणता येतं, आनंदाला 'हो' म्हणता येत नाही.

आणि मूळ वाक्य तर चक्क आज्ञा आहे. येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पै या गावच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, ग्रीकमध्ये लिहिलेल्या पत्रातलं हे वाक्य, चौथ्या अध्यायातलं चौथं वचन. पूर्ण वाक्य असं: 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा.' ग्रीक शब्द 'खैरेते', अनेकवचनी आज्ञार्थ. भाषांतरकारापुढे अडचण उभी राहिली ती ही, की जी गोष्ट मराठीत आपल्याला 'होते' ती करायला कशी सांगायची?

यावर मराठी बायबलमध्ये एकच एक तोडगा नाही, ही यातली गंमत. थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात ग्रीकमध्ये तेच दोन शब्द आहेत, 'पान्तोते खैरेते'. तिथे मराठी आहे 'सर्वदा आनंदित असा'. म्हणजे हिंदीच्या 'रहो'ची वाट मराठीलाही ठाऊक होती, आणि एका ठिकाणी ती धरलीही आहे. याकोबाच्या पत्रात संकटांना तोंड द्यावं लागेल तेव्हा 'आनंदच माना' असं आहे. पण तिथे ग्रीक क्रियापदच वेगळं आहे, समजणे-गणणे या अर्थाचं, त्यामुळे 'माना' तिथे चपखल बसतं. आणि गब्रिएल देवदूत मरीयेकडे येतो तेव्हा हेच 'खैरे' एकवचनात आहे, आणि मराठीत त्याचं 'कल्याण असो' झालं आहे! कारण ग्रीक लोक भेटल्यावर एकमेकांना हाच शब्द म्हणत. आपण 'राम राम' म्हणतो तेव्हा कुठे रामाचा विचार करतो, तसाच तोही वापरून गुळगुळीत झालेला शब्द होता. पौलाने तो रस्त्यावरून उचलला आणि त्याला 'सर्वदा' आणि 'पुन्हा म्हणेन' जोडून परत धार लावली.

आता मूळ शंका. मराठीत आनंद 'करता' येतो का? मजा करता येते, मौज करता येते, चैन करता येते, यावर कोणाचा आक्षेप नाही. पण मला दुसरंच कुटुंब दिसतं: सण करणे, दिवाळी करणे, उत्सव करणे, आणि त्याच ओळीत शोक करणे. रडू येतं, शोक करतात. रडू आवरत नाही. शोकाला मात्र दिवस असतात, बसायची पद्धत असते, भेटायला येणारी माणसं असतात. तसंच हसू येतं, आनंद होतो. पण आनंद 'करतात' तो चारचौघांत, ठरवून, रीतीप्रमाणे. रोमकरांच्या पत्रात ही जोडी शेजारी शेजारीच आहे: 'आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा.' हे वाक्य वाचताना कोणालाही 'करा' टोचत नाही, कारण शोकाने आनंदाला हात दिलेला असतो. तक्तीवर आनंद एकटा पडतो, म्हणून टोचतो.

शिवाय भावनेला आज्ञा करायची सोय मराठीने बायबलच्या भाषांतराच्या कितीतरी आधी करून ठेवली होती. 'मन करा रे प्रसन्न । सर्व सिद्धींचें कारण'. तुकोबांनीही 'प्रसन्न व्हा' म्हटलं नाही, 'करा' म्हटलं. मनाला कर्म केलं आणि आज्ञार्थ सुटला. तेही दुष्काळाने घर धुऊन नेलेला माणूस म्हणतो. रेव्हरंड ना. वा. टिळक तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे मराठी उपासनेत त्यांनी अभंग आणला. त्यामुळे नगर-पुण्याकडच्या मंडळीत ज्या कानांवर 'आनंद करा' पडत होतं, त्यांच्यावर 'मन करा रे प्रसन्न' आधीच पडलेलं होतं.

'प्रसन्न'वरून आठवलं. ग्रीकमध्ये आनंद म्हणजे 'खारा' आणि कृपा म्हणजे 'खारिस', दोन्ही एकाच मुळातले. संस्कृतात प्रसन्न आणि प्रसाद यांचं नातं असंच आहे. एका बाजूला मनाची स्वच्छ, निवळलेली अवस्था, दुसऱ्या बाजूला वरून मिळालेलं देणं. मराठी बायबलमध्ये 'आनंद' आणि 'कृपा' हे शब्द घेतल्यामुळे ते नातं कानाला ऐकू येत नाही. इलाज नव्हता, पण चुटपुट लागते.

मयतीच्या घरात ते वाक्य विचित्र वाटलं, हा तुमच्या प्रश्नातला खरा भाग. ज्यांनी ते लिहिलं आणि ज्यांना लिहिलं, त्यांचा हिशेब आधी बघू. पौल हे पत्र लिहितो तेव्हा कैदेत आहे. पहिल्याच अध्यायात बेड्यांचा उल्लेख आहे. ज्या गावाला तो लिहितो तिथे पूर्वी त्याला आणि सीला या त्याच्या सोबत्याला फटके मारून आतल्या कोठडीत टाकलं होतं आणि पाय खोड्यात अडकवले होते. मध्यरात्री ते दोघे गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते, असं बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे. फिलिप्पैची मंडळी हे सगळं जाणून होती. त्यामुळे 'आनंद करा' हा शहाजोग सल्ला त्यांना वाटला नसणार. १०४ वचनांच्या या छोट्या पत्रात 'आनंद' आणि त्याची क्रियापदं १६ वेळा येतात. पण त्याच पत्रात एपफ्रदीत नावाचा सोबती मरता मरता वाचल्याचं सांगताना पौल लिहितो, की तो वाचला नसता तर मला दुःखावर दुःख झालं असतं. दुःख झालंच नसतं, असा आव नाही. करिंथकरांना तर तो स्वतःबद्दल एकाच दमात दोन्ही सांगतो: आम्ही दुःखी, तरी सर्वदा आनंद करणारे. दुःख 'होतं', आनंद 'करतात'. ही वाटणी मराठीत जितकी लख्ख दिसते तितकी हिंदीच्या 'आनन्दित रहो'मध्ये दिसत नाही. म्हणून मी 'करा'च्या बाजूची.

इथे एक मतभेद नोंदवते. उपदेशांत हमखास ऐकू येतं, की सुख परिस्थितीवर अवलंबून असतं, आनंद असत नाही. सुख जगाचं, आनंद देवाचा. ऐकायला बरं वाटतं, पण शब्दांना ते झेपत नाही. त्याच चौथ्या अध्यायात पुढे फिलिप्पैकरांनी मदत पाठवली म्हणून पौल म्हणतो मला फार आनंद झाला, आणि क्रियापद तेच. गरजेच्या वेळी मदत पोचल्याचा आनंद आणि प्रभूमधला आनंद यांना त्याने वेगवेगळे शब्द दिलेले नाहीत. मराठीतही सुख हलकं आणि आनंद भारी असं काही नाही. फरक आहे तो जोडशब्दांत: सुखदुःख आहे, हर्षखेद आहे, पण 'आनंददुःख' नाही. आनंदाला ठरलेला जोडीदार नाही. मात्र उपहास त्याच्याच वाट्याला आला. गाडी लेट, नळाला पाणी नाही, साहेब रजेवर, की आपण म्हणतो 'सगळा आनंदीआनंद आहे'. तुम्हाला ती तक्ती खटकली त्यात या आनंदीआनंदाचाही थोडा हात असावा.

मराठी बायबलच्या भाषांतरकारांत पंडिता रमाबाई आहेत. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा. केडगावच्या मुक्तीसदनात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी मूळ भाषांतून सबंध बायबल मराठीत आणलं. जेमतेम शिकलेल्या बायकांना कळावं म्हणून भाषा मुद्दाम साधी ठेवली. काम शेवटाला आलं असताना, १९२१मध्ये, एकुलती मुलगी मनोरमा गेली. पुढच्या एप्रिलात त्या स्वतः गेल्या, भाषांतर पुरं करून. छापील प्रत १९२४मध्ये निघाली, तिथल्याच छापखान्यात, तिथल्या बायकांनी छापलेली. मुलीनंतरच्या त्या आठ-नऊ महिन्यांत ज्या ज्या पानावर 'आनंद' हा शब्द आला असेल, तिथे त्या किती वेळ थांबल्या असतील, असं मला नेहमी वाटतं.

आता आमच्या घरातलं. आजोबा गेले ते नोव्हेंबरात. नगरच्या घरी डिसेंबर लागला आणि मामीने हळूच विचारलं, "आई, यंदा नाताळ करायचा नाही ना?" तुमच्याकडे 'यंदा दिवाळी करायची नाही' म्हणतात, त्याच सुरात. घरात मयत झाली की त्या वर्षी सण 'करत' नाहीत. धर्म बदलला तरी क्रियापद बदलत नाही. आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "करंज्या करू नका. कंदीलही नको. पण चोवीसला रात्री भजनाला सगळ्यांनी यायचं, आणि तोंड उघडून गायचं. मी पण गाणार आहे." गायलीही. दुसऱ्या कडव्याला रडू आलं, तेव्हा टाळ वाजवत राहिली आणि तिसऱ्या कडव्याला परत सुरात आली. 'आनंद करणे' या प्रयोगाचा अर्थ मला कोशात शोधावा लागला नाही तो यामुळे.

तेव्हा तुमच्या शेजाऱ्यांची तक्ती शुद्ध मराठीत आहे. रोजच्या बोलण्यातली नाही, हे खरं. त्यांना भेटायला जाल तेव्हा ते वाक्य त्यांना वाचून दाखवू नका, एवढंच. ते त्यांनी एकमेकांना म्हणायचं आहे. आज्ञार्थ अनेकवचनी आहे.

राहता राहिला 'प्रभूमध्ये'. ग्रीक 'एन' या शब्दयोगी अव्ययाचा तो सरळ प्रतिशब्द. 'प्रभूमुळे' म्हटलं तर प्रभू कारण होतो, 'प्रभूविषयी' म्हटलं तर विषय. इथे तो जागा आहे: खोड्यात पाय, कोठडीत अंग आणि प्रभूमध्ये आनंद, सगळ्या सप्तम्याच. वारकरी मंडळी 'विठ्ठलाच्या ठायी' म्हणतील, आणि 'प्रभूच्या ठायी' कानाला जास्त गोड लागलं असतं हे मीही कबूल करते. 'मध्ये'ने काम भागतं. 'सर्वदा'बद्दल वेगळं सांगायला नको, 'सदासर्वदा योग तुझा घडावा' म्हणत आपण सगळेच मोठे झालो.

आमच्याकडच्या जुन्या तक्तीवर 'प्रभूमध्यें' असं आहे, 'ध्ये'वर अनुस्वार देऊन. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी तो काढून टाकला. मामाने एकदा तक्तीला नवा रंग देताना नियमाप्रमाणे टिंब पुसलं. दोन दिवसांनी पाहिलं तर ते परत आलं होतं, जरा वाकडं, काजळाच्या काडीने दिलेलं.