घरातील फायकसची छाटणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या दिवाणखान्यातील बारीक पानांचा फायकस (नर्सरीवाले त्याला बेंजामिना म्हणतात) छताला टेकला आहे. खालचे खोड उघडे पडले असून सगळी पाने वर गोळा झाली आहेत. दिवाळीपूर्वी कुंडी गॅलरीत नेऊन एक मोठी फांदी छाटली आणि आठवड्याने कुंडी पुन्हा आत आणली. छाटताना पांढरा चीक बराच वेळ गळत होता आणि नंतर पानेही झडली. झाड दुखावले का? छाटणी केव्हा आणि किती करावी?
– एक वाचिका, ठाणे

उत्तर : चीक गळणे ही काळजीची बाब नाही. फायकस हा वड, पिंपळ आणि उंबर यांच्याच गोतातला असून, जखमेवर चीक साकळला की ती आपोआप बंद होते. ओले फडके क्षणभर दाबून धरले तरी पुरते. मात्र हा चीक काहींच्या त्वचेला झोंबतो, रबरी हातमोज्यांची अॅलर्जी असलेल्यांनी तर विशेष जपावे, आणि फरशीवर त्याचे डाग पडतात, म्हणून खाली वर्तमानपत्र अंथरावे.

पाने झडली त्याचा दोष मी कात्रीपेक्षा कुंडीच्या फेऱ्यांना देईन. प्रकाश एकदम बदलला की बेंजामिना पाने टाकतो, आणि आपल्या झाडाला तो बदल आठवड्यात दोनदा सोसावा लागला. त्यातच हिवाळ्याच्या तोंडावर वाढ मंदावत असल्याने झडलेल्या पानांची भरपाई लवकर होत नाही. फांदी जिवंत आहे की नाही हे पाहायचे असेल तर नखाने साल किंचित खरवडावी. खाली हिरवे दिसले तर ती राखावी, तपकिरी आणि कोरडे दिसले तर काढून टाकावी.

छाटणीला फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च हा काळ चांगला. शेंड्यावरची टोकदार, घट्ट गुंडाळी उलगडून कोवळी पाने दिसू लागली की झाड वाढीला लागले असे समजावे. छाटणी झाड जागचे न हलवता, स्पिरिटने पुसलेल्या धारदार कात्रीने करावी. आधी वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात, मग उंची कमी करावी. एका वेळी एक चतुर्थांशाहून अधिक पालवी काढू नये, आणि छाटलेल्या प्रत्येक फांदीवर निदान दोन-तीन पाने राहतील हे कटाक्षाने पाहावे, कारण पूर्ण निष्पर्ण केलेली बेंजामिनाची फांदी बऱ्याचदा फुटण्याऐवजी मागे वाळत जाते. म्हणूनच छतापासून दोन-तीन फूट खाली यायचे असेल तर ते एका दमात न करता दोन हंगामांत करावे.

काप पानाच्या थोडा वर घ्यावा. शेंडा असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना दबवून ठेवतो. तो काढला की कापाच्या लगतचे एक-दोन डोळे जागे होतात आणि नवी फांदी त्या पानाच्या दिशेने जाते, त्यामुळे बाहेर वळलेल्या पानावर कापल्यास झाड पसरट होते. तळाशी उघड्या पडलेल्या खोडाला मात्र वरच्या छाटणीने लगेच पालवी येईल अशी अपेक्षा ठेवू नये. तिथवर उजेड पोहोचत नसेल तर छाटूनही झाड पुन्हा तसेच उंच आणि विरळ होणार, त्यामुळे मार्चच्या आधीच कुंडी खिडकीजवळची एक जागा पाहून तिथे कायमची ठेवावी. एसीचा झोत तिच्यावर येऊ देऊ नये.

छाटणीनंतर पाने कमी झाल्याने पाणीही कमी लागते. वरची माती बोटभर सुकल्यावरच पाणी द्यावे आणि नवी पालवी स्थिरावेपर्यंत खत देऊ नये.

प्रश्न : पांढऱ्या कडांच्या पानांच्या बेंजामिनाला मध्येच पूर्ण हिरव्या पानांची फांदी फुटली आहे. ती ठेवावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ठेवू नये. हिरव्या पानांत हरितद्रव्य अधिक असल्याने ती फांदी जोमाने वाढते आणि कालांतराने पांढऱ्या कडांच्या फांद्यांना मागे टाकते, म्हणून ती उगमापासूनच काढावी. इथे पाने राखण्याचा नियम लागू नाही. फेकवत नसेल तर तिचे वीतभर लांबीचे शेंडे चीक धुऊन, वरची दोन-तीन पाने ठेवून पावसाळ्यात ओलसर कोकोपीटमध्ये लावावेत. मुळे धरली तर रोप मिळेल, पण ते हिरव्याच पानांचे असेल.