उपकरण कंपनीकडून मिळालेले पैसे संशोधकाने जाहीर केले की पुरेसे नाही का?

माझ्या मते पुरेसे नाही, आणि अमेरिकेतील ‘इन्फ्यूज’चे उदाहरण पाहिले की ते पटते. मेडट्रॉनिक कंपनीच्या, हाडाची वाढ घडवणारे प्रथिन वापरणाऱ्या या उपकरणाला मणक्याची हाडे जोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी 2002 मध्ये मान्यता मिळाली. कंपनीच्या आर्थिक पाठबळावर झालेल्या 13 अभ्यासांत, 780 रुग्णांमध्ये, उपकरणामुळे एकही दुष्परिणाम झाल्याची नोंद नव्हती. ‘द स्पाइन जर्नल’ने 2011 मध्ये केलेल्या फेरतपासणीत मात्र दुष्परिणामांचे प्रमाण 10 ते 50 टक्के असावे, असा अंदाज निघाला. सिनेटच्या अर्थविषयक समितीने 2012 मध्ये दाखवून दिले, की कंपनीने या अभ्यासांवरील लेखांच्या लेखकांना 1996 ते 2010 या काळात स्वामित्वधन (रॉयल्टी), सल्लाशुल्क आदी मार्गांनी सुमारे 21 कोटी डॉलर दिले होते आणि कंपनीचे कर्मचारी लेखांच्या मजकुरावर हात फिरवत होते; दुष्परिणामांची संपूर्ण यादी छापू नये, अशी सूचना त्यांच्यापैकी एकाने केली होती. कंपनीने गैरप्रकाराचा इन्कार केला.

‘लेखकाला कंपनीकडून पैसे मिळाले’ अशी लेखाच्या तळाशी छापलेली ओळ वाचून रुग्णाला यातले काय कळणार? ज्याला उपकरणाच्या विक्रीवर स्वामित्वधन मिळते, त्याच्याकडे त्याच उपकरणाच्या चाचणीचे प्रमुखपद विद्यापीठाने देऊच नये, आणि मूळ विदा (डेटा) त्रयस्थांना तपासू द्यावी. येल विद्यापीठाच्या पुढाकाराने तशी तपासणी झाली, तेव्हा 2013 मध्ये दोन स्वतंत्र गटांना रुग्णाच्या स्वतःच्या हाडाच्या कलमापेक्षा इन्फ्यूज ठोसपणे सरस असल्याचे आढळले नाही.