सुमो मोडून टाटा मोबाईल उभी करताना

प्रश्न : मिस्त्रीकाका, नमस्कार. वडिलांनी १९९२ साली घेतलेली टाटा मोबाईल २०६ पिकअप बरीच वर्षं शेडमध्ये उभी आहे. कांदा, टोमॅटो, खताच्या गोण्या, सगळं तिनं वाहिलं. तिला पुन्हा रस्त्यावर आणायचं मनात आहे. मामांच्या ओळखीत एक १९९८ची टाटा सुमो मोडीत निघते आहे. ती अजून चालते. दोन्हींचं इंजिन एकच असं गॅरेजवाले सांगतात. सुमोचं इंजिन उचलून पिकअपला बसवावं का?
– एक शेतकरी वाचक, जुन्नर तालुका

उत्तर : बसेल. पण मी तुमच्या जागी असतो तर बसवलं नसतं. नंबर ठोकलेल्या दोन गोष्टी, चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) आणि इंजिनचा ब्लॉक (सिलिंडर असलेलं मुख्य धड), आपल्याच गाडीच्या ठेवाव्यात. बाकी सुमोतून हवं ते काढा.

गॅरेजवाले खरं सांगतात. १९८८ मध्ये टाटा मोबाईल आली. तिच्याच पायावर १९९१ मध्ये सिएरा, मग इस्टेट आणि १९९४ मध्ये सुमो निघाली. तुमच्या गाडीचं १९४८ सीसीचं डिझेल इंजिन सुरुवातीच्या सुमोतही होतं. फक्त ही सुमो बिनटर्बोची आहे ना, ते बॉनेट उघडून बघून घ्या. टर्बोचं सामान मिसळू नका.

सुमोचा सौदा करण्याआधी पिकअपची चासी तपासा. खत वाहिलेल्या गाडीत हौद्याखालची चासी आतून खाल्लेली असते, वरून रंग मात्र शाबूत दिसतो. हौद्याचे बोल्ट सोडून तो उचला आणि हातोडीनं दोन्ही बाजूंनी टिचकत पुढून मागे जा. खणखणीत वाजलं तर पत्रा जाड आहे. बद्द आवाज आला तिथे खडूनं खूण करा. स्प्रिंगच्या पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी बद्द वाजलं तर आधी चासीचं काम करणाऱ्या चांगल्या वेल्डरला दाखवा. तो नाही म्हणाला तर सुमोवर एक रुपयाही घालू नका. सुमोची चासी इथे उपयोगी पडत नाही. तिच्या नंबरचा तुकडा कापून जोडायचा सल्ला कुणी दिला तर त्याच्या दारात पुन्हा जाऊ नका. तो गुन्हा आहे.

आता तुमचं इंजिन. इतकी वर्षं उभ्या गाडीला स्टार्टर मारायचा नाही. हीटर प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये थोडं पातळ ऑइल सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या, मग क्रँकच्या पुलीला पाना लावून हातानं फिरवा. फिरलं तर अर्धी लढाई जिंकलात. अडकलं असेल तरी ब्लॉक वाया गेला असं नाही. बोअर करून (सिलिंडर आतून कातून) किंवा स्लीव्ह (आतली नवी नळी) घालून तो उभा राहतो. हेड (ब्लॉकवरचं झाकण), डिझेल पंप, नोझल, स्टार्टर सुमोचे घ्या. ते चालू इंजिनवरचे आहेत, म्हणून सुमो मोडण्याआधी स्वतः चालवून बघा. इंजिन गरम झाल्यावर ऑइलचं झाकण उघडा. तिथून धुराचे लोट आले तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. त्याचा सुमोच्या हेडशी संबंध नाही, पण भाव पाडायला उपयोग होतो.

अल्टरनेटर काढताना त्याच्या मागे बसवलेला व्हॅक्यूम पंप आणि ऑइलच्या नळ्याही सोबत घ्या. डिझेल गाडीच्या ब्रेक बूस्टरला ओढ त्या पंपाचीच असते. बाजारातला नुसता अल्टरनेटर लावलात तर बॅटरी चार्ज होईल, पण ब्रेकचं पेडल दगडासारखं लागेल.

सुमोचं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा गोळा) घ्यायचं मनात असेल तर आधी रेशो जुळवा. गिअर न्यूट्रलला ठेवा, पुढच्या चाकांना उटी लावा, मागचं एकच चाक उचला आणि ते बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे जाणारा दांडा) किती फिरला, तो तुमचा रेशो. दोन्ही गाड्यांवर मोजा. पिकअपला माल ओढायचा असतो, सुमोला माणसं. आकडा वेगळा आला तर आपलंच डिफरन्शियल ठेवा आणि सुमोचे फक्त ब्रेकचे भाग जुळवून बघा. प्रोपेलर शाफ्ट तर नकोच, दोन्ही गाड्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर वेगळं आहे. दारं आणि डॅशबोर्डही सुमोचे चालत नाहीत. तुमच्या गाडीचं तोंड सिएरा-इस्टेटच्या घराण्यातलं, तिकडचं सामान शोधा.

ब्लॉक तुमचाच ठेवा म्हणतो ते कागदांसाठी. इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी घ्यावी लागते आणि आरसीवर नवा इंजिन नंबर चढवावा लागतो. शिवाय पिकअप मालवाहू नोंदीची, म्हणजे फिटनेसचा दाखला हवाच; तो नसेल तर आरसी हातात असूनही नोंदणी वैध धरत नाहीत. थकलेला टॅक्स आणि पर्यावरण कर किती, हे आजच आरटीओत विचारून या. तो आकडा कळल्याशिवाय सुमोचा विसार देऊ नका.

सुमो घेताना तिच्या आरसीची झेरॉक्स आणि मालकाची सहीची पावती घ्या. हेड आणि पंपाचा हिशेब उद्या कुणी मागितला तर तीच दाखवायची. मोडीत काढल्याचं मालकानं १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची आहे, हेही सौद्यातच ठरवा. आणि पिकअप फिटनेस पास होईपर्यंत सुमोचा सांगाडा भंगारात घालू नका. एखादा क्लॅम्प, एखादी वायर, एखादा दीड इंची बोल्ट शेवटच्या आठवड्यात हटकून लागतो.