आधी हात बघ

अनेक आशीर्वाद.

तुझी तक्रार वाचली. आठ तासांतले जेमतेम दोन फिग्मात, म्हणजे ॲपच्या स्क्रीन आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये, जातात, बाकी वेळ मीटिंगा, नोंदी आणि डेव्हलपरांच्या शंका, "मग मी डिझायनर कसली?" अगं, त्या दोन तासांत तू ठरलेलं कागदावर उतरवतेस. ठरवायचं काम उरलेल्या सहा तासांत होतं. मला खटकलं ते वेगळंच. त्या सहा तासांत वापरणारा माणूस एकदाही आला नाही.

वापरणाऱ्याचा हात बघ. तोंडाने तो काय म्हणतो ते नंतर. "छान आहे, सोपं आहे" हे लोक भिडेखातर बोलतात. अंगठ्याला भीड नसते. साधा फॉर्म घे. शेवटचं बटण दाबलं आणि स्क्रीन ढिम्म. अंगठा क्षणभर काचेवर तरंगतो, मग पुन्हा दाबतो. गेले दोन अर्ज! नंतर विचारलंस तर तोच माणूस सांगेल, काही अडचण आली नाही. दाबल्यापासून ०.१ सेकंदात काहीतरी बदललेलं दिसलं नाही, तर दाबलंच गेलं नाही असं वाटतं. १ सेकंदाच्या पुढे काम चालू असल्याचं दिसावं. १० सेकंदांच्या पुढे किती उरलं ते सांगावं आणि रद्द करायची सोय द्यावी. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९३ साली मांडलेल्या या मर्यादा आजही लागू आहेत. म्हणून दाबताक्षणी बटणाचं रूप बदल, त्यावर 'पाठवत आहे' येऊ दे, दुसरा दाब घेऊ नकोस. सर्व्हरनेही तोच अर्ज दोनदा स्वीकारू नये, हे डेव्हलपरला लेखी दे. ही तुझ्या त्या कंटाळवाण्या मीटिंगमधली कामं.

आता हात बघायचा कसा? पाच माणसं पुरतात, पण एकाच प्रकारची. घेणारे आणि विकणारे असे दोन गट असतील तर प्रत्येक गटाची वेगळी माणसं बसव. प्रत्येकाला पाऊण तास, चार-पाच कामं. काम सांगताना बटणावरचा शब्द तोंडातून काढू नकोस. बटणावर 'पत्ता बदला' असेल तर "तुम्ही नव्या घरी राहायला गेलात, आता पार्सल तिथे यायला हवं" एवढंच सांग. परीक्षा स्क्रीनची आहे, तुमची नाही, हे सुरुवातीलाच सांग. मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांग. "इथे दाबू का?" असं विचारलं तर "तुम्हाला काय वाटतं?" आणि गप्प. ही शांतता तुला सोसणार नाही, बोट दाखवायला हात शिवशिवेल. दाखवलंस की ती चाचणी वाया गेली. नोंदीत मत लिहू नकोस. कुठे थांबला, कुठून मागे फिरला, कोणता शब्द दोनदा वाचला, ते लिही. आणि पाच जणांवरून टक्केवारी काढू नकोस. पाच माणसं चूक कुठे आहे ते दाखवतात, ती किती जणांना नडेल ते सांगत नाहीत. दुरुस्त कर आणि नवे पाच बसव.

मॅनेजर म्हणेल, वेळ नाही. मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो आणि देखण्या स्क्रीन काढून समाधान मानलं. त्याची खंत जात नाही. आज पाच माणसं बसवल्याशिवाय मी होकार देत नाही, म्हणून लोक आडमुठा म्हणतात. म्हणू देत. प्रोटोटाइपमधली, म्हणजे कोड लिहिण्याआधीच्या कच्च्या नमुन्यातली, चूक खोडायला अर्धा दिवस लागतो. कोड लिहून झाला की तीच चूक डिझाइन, कोड आणि टेस्टिंग अशा तीन जागी निस्तरावी लागते. मी चुकीचं काही मागत नाहीये.

आकड्यांची शिस्त पाळच: मजकुराचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक, किमान ४.५:१, मोठ्या अक्षरांना ३:१. बोटाने दाबायची जागा अँड्रॉइडवर किमान ४८ डीपी, आयफोनवर ४४ पॉइंट (ही त्या त्या फोनवरची मापाची एककं). पण हे पाळलं म्हणजे हात बघायची गरज संपली असं समजू नकोस.

हँडऑफमध्ये, म्हणजे डिझाइन डेव्हलपरच्या हाती देताना, एकाच स्क्रीनची सगळी रूपं दे: रिकामी, लोड होणारी, चुकलेली, इंटरनेट गेल्यावरची, आणि नाव पन्नास अक्षरांचं असलेली. मजकूर खरा घाल. इंग्रजी अक्षरांवर बेतलेल्या ओळीच्या उंचीत देवनागरीच्या वेलांट्या आणि उकार कापले जातात. खोट्या मजकुरात ते दिसतच नाही. फॉर्ममध्ये चूक झाली तर भरलेलं काही पुसू नकोस. 'अवैध माहिती' हा संदेश लिहिणाऱ्याचा मला राग येतो. फोन नंबर मधे जागा सोडून लिहिला म्हणून माणसाला कशाला अडवायचं? त्या जागा कोडने काढाव्यात. आणि हे तुला कळणार कसं? कुणीतरी नंबर तसा लिहिताना तू बघितलंस तरच.

पुढच्या वेळी स्क्रीनशॉट पाठवू नकोस. पाच जणांच्या नोंदी पाठव, वेळेसकट, कोण कुठे अडलं ते.