मोराचं नंतर बघू, आधी पॉलिसी परत करा

प्रश्न : मी 58 वर्षांचा, शिरूर तालुक्यात राहतो. एसटीतून निवृत्त झालो. दोन महिन्यांपूर्वी पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे मिळून 24 लाख हातात आले. त्यातले 4 लाख बँकेतल्या साहेबांच्या सांगण्यावरून ‘विम्यासह एफडी’त ठेवले. त्याचे कागद तीन आठवड्यांपूर्वी घरी आले, फोटो जोडतो. बाकीचे 20 लाख बचत खात्यात आहेत. पेन्शन साडेतीन हजार, घरखर्च 20 हजार. दोन एकर शेत आहे. मोराची चिंचोली जवळ असल्याने पर्यटक येतात. शेतावर जाळीची शेड करून पांढऱ्या मोरांच्या दोन जोड्या पाळायचा विचार आहे. एकूण खर्च 6 लाख. विक्रेता पिल्लं परत विकत घेणार आहे. 10 हजार इसार दिला आहे. पैसे घालावेत का?

उत्तर : नाही. आणि मोरांपेक्षा तातडीचं काम तुमच्या फोटोंमध्ये दिसतंय, म्हणून हे उत्तर तुम्हाला कालच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं.

मोरांचं आधी उरकतो. मोर 1963 पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणं, विकणं, विकत घेऊन पाळणं हा गुन्हा आहे. शिक्षा किमान 3 वर्षं, कमाल 7 वर्षं कैद, शिवाय किमान 25 हजार दंड. विक्रेता म्हणतो, पांढरा मोर परदेशी, ऑनलाइन नोंद केली की झालं. साफ खोटं. पांढरा मोर ही वेगळी जात नाही. आपलाच मोर, फक्त पिसांत रंग उतरलेला नाही. पिल्लं परत घेण्याचं आश्वासन तर मला नवीन नाही. आधी इमू पक्षी पाळण्याच्या वेळी आणि मग इस्लामपूरच्या कडकनाथ कोंबड्यांच्या प्रकरणात, 2019 मध्ये, शेतकऱ्यांनी हेच ऐकलं होतं. पक्षी दारात राहिले, घेणारा गायब झाला. इसाराचे 10 हजार बुडाले तर बुडू द्या, पक्षी मात्र ताब्यात घेऊ नका.

मोराची ओढ मला कळते. आभाळ भरून आल्यावर बांधावर पिसारा उघडलेला मोर पाहिला की माणूस हातातलं काम विसरतो. पण नराचा पिसारा पूर्ण भरायला तिसरं वर्ष उजाडतं, आणि पावसाळा सरला की दरवर्षी तो गळतो. म्हणजे पर्यटकांच्या हिवाळी हंगामात जाळीत बिनपिसाऱ्याचे पक्षी.

आता तुमची ‘एफडी’. ती एफडी नाही, आयुर्विम्याची पॉलिसी आहे. तिसऱ्या पानाचा फोटो मोठा करून बघा : हप्ता वार्षिक, 4 लाख, हप्ते भरण्याची मुदत 10 वर्षं. म्हणजे 40 लाख. तुमच्याकडे सगळे मिळून 24 होते! त्याच पानावर तुमचा व्यवसाय ‘व्यापार’ आणि वार्षिक उत्पन्न 8 लाख लिहिलंय. निवृत्त माणसाला ही पॉलिसी बसत नाही हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून उत्पन्न फुगवलं. खाली सही तुमची. मला याचा संताप येतो, कारण हे अडाण्याकडून झालेलं नाही, काचेच्या केबिनमध्ये बसून झालेलं आहे.

मोर घेतले असते तर काय झालं असतं? 20 लाखांतून 6 गेले, उरले 14. पेन्शन वजा जाता घरखर्चाला वर्षाला 2 लाख लागतात. वर्षभराने दुसरा हप्ता 4 लाख, उरले 8. त्याच्या पुढच्या वर्षी उरले 2. तिसऱ्या वर्षाच्या घरखर्चात तेही संपले, आणि पुढचा हप्ता दारात उभा.

विम्याचे कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी कारण न विचारता परत करता येते. तुमचे 21 गेले. कंपनीच्या शाखेत स्वतः जा, बँकेत नको. बँकेतले साहेब ‘पाच वर्षं थांबा, चांगला फायदा आहे’ म्हणत उरलेले दिवस घालवतील. साध्या कागदावर अर्ज लिहा, मूळ पॉलिसी जोडा आणि झेरॉक्सवर तारखेसह पोच घ्या. थोड्या दिवसांचा विमाखर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी पैसे परत येतील. टाळाटाळ झाली तर कंपनीकडे लेखी तक्रार, महिन्यात दाद नाही लागली तर पुण्यातल्या विमा लोकपालांकडे. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

दुसरी मुदत तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजना एरवी 60 नंतर, पण 55 च्या पुढे निवृत्त झालेल्याला निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडता येतं. तुमचा एकच महिना उरलाय. पॉलिसीच्या पैशांची वाट बघू नका. बचत खात्यात 3 लाख अडीअडचणीला ठेवून 17 लाख लगेच पोस्टात भरा. 8.2 टक्क्यांनी वर्षाला सुमारे 1 लाख 39 हजार, म्हणजे महिन्याला साडेअकरा हजार, दर तिमाहीला खात्यात. विम्याचे 4 लाख मुदतीत परत आले तर तेही तिथेच. मग महिन्याचे 14 हजारांच्या वर होतात. पेन्शन धरून साधारण 18 हजार. घरखर्चाला दोनेक हजार कमी पडतात, ते शेतातून निघाले पाहिजेत.

तिथे चिंचोलीकडून शिकण्यासारखं आहे. तिथले मोर कुणी विकत आणलेले नाहीत. चिंचेची झाडं आहेत, लोक त्यांना त्रास देत नाहीत, म्हणून ते राहतात. पर्यटक पैसे देतात ते जेवणाचे आणि राहण्याचे. तुमच्या बांधावरची जुनी झाडं तोडू नका, मोर रात्री उंच फांदीवर बसतात. औषध लावलेलं बियाणं उघड्यावर सांडू देऊ नका, त्याने मोर मरतात. आणि पाहुण्यांचं म्हणाल तर शनिवार-रविवारी पिठलं-भाकरीच्या जेवणापासून सुरुवात करा, घरातल्याच भांड्यांवर. पत्नीला हे काम झेपेल आणि आवडेल का, ते आधी त्यांना विचारा. पत्रात त्यांचा उल्लेखच नाही. एक हंगाम गिऱ्हाईक टिकलं तर 50 हजारांपर्यंत खर्च करा, तोही वरच्या 3 लाखांना हात न लावता.

पण हे सगळं दिवाळीनंतरचं. उद्या सकाळी पॉलिसी घेऊन शाखेत.