लेक रूरल कोट्यातून फॉर्म भरतेय, यात भीक कसली?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातल्या खेड्यातले. मुलगी पहिली ते दहावी गावच्याच मराठी शाळेत शिकली, आता बेळगावात सेकंड पीयू (म्हणजे बारावी) सायन्सला आहे, इंजिनिअरिंगला जायचं म्हणते. त्यासाठी कर्नाटकाच्या सीईटी या प्रवेश परीक्षेला रूरल कोट्यातून, म्हणजे खेड्यात शिकलेल्या मुलांच्या राखीव जागांतून, फॉर्म भरतेय. माझा चुलत भाऊ अमेरिकेत असतो, त्यानं फॅमिली ग्रुपवर टाकलं की अमेरिकेनं आरक्षण बंद केलं, तिथं आता फक्त मार्कांवर अ‍ॅडमिशन, तुम्ही मात्र अजून कोट्याची भीक मागताय. पोरगी ते वाचून धड जेवली पण नाही, मला विचारते, "बाबा, मी भीक मागूलोय काय?" मला काही बोलता येईना. खरं काय ते सांगा.

उत्तर : दादा, तिचं ते वाक्य दिवसभर माझ्या डोक्यातून जाईना. नाही, ती भीक मागत नाहीये, आणि तुमच्या भावानं अमेरिकेचं सांगितलं तेही अर्धवट आहे.

तिथं 29 जून 2023 ला सुप्रीम कोर्टानं हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीच्या केसमध्ये सांगितलं की अ‍ॅडमिशन देताना मुलगा काळा, गोरा, आशियाई कोण आहे हे बघून झुकतं माप द्यायचं नाही. पण आपल्यासारख्या राखीव जागा तिथं नव्हत्याच, त्या याच कोर्टानं 1978 मध्ये बंद केल्या होत्या. आणि फक्त मार्क तर अजिबात नाही, निबंध, शिफारसपत्रं, खेळ सगळं बघतात, उलट चीफ जस्टिस रॉबर्ट्सनी त्याच निकालात लिहिलंय की वंशामुळे आयुष्यात काय सोसलं हे मुलानं निबंधात मांडलं तर कॉलेज ते विचारात घेऊ शकतं.

आपल्याला डावललं जातं ही त्या केसमधली आशियाई मुलांची तक्रार, त्यात आपल्या भारतीयांची पोरंही आली, मला खोटी वाटत नाही. अभ्यासात पुढं असूनही हार्वर्ड स्वभाव-व्यक्तिमत्त्वाचं जे पर्सनल रेटिंग द्यायचं त्यात त्यांना सरासरी कमी मिळायचं, आई-बापाला लागणारच की हो ते. पण त्याच केसमध्ये हेही बाहेर आलं की प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांत 40 टक्क्यांहून जास्त मुलं एकतर कॉलेजनं घेतलेले खेळाडू, नाहीतर माजी विद्यार्थ्यांची, स्टाफची, नाहीतर देणगीदार वगैरेंच्या खास यादीतली. ती यादी या निकालानं बंद झाली नाही. तिला कुणी भीक म्हणत नाही, भीक म्हणायला खेड्यातली पोरगीच सापडते.

प्रवेशाच्या टेस्टला मी वाईट म्हणत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या नावाजलेल्या युनिव्हर्सिटीनं कोरोनात सोडलेली टेस्ट 2022 मध्ये परत आणली, कारण साध्या शाळेतल्या गरीब पोराला आपली हुशारी दाखवायला तीच एक जागा असते असं त्यांना दिसलं. पण त्याच एमआयटीत निकालानंतरच्या पहिल्या बॅचमध्ये काळी मुलं साधारण 13 टक्क्यांवरून 5 वर आली, तेव्हा मार्क कुठवर आलात ते सांगतात, कुठून निघालात ते सांगत नाहीत.

हे मी जवळून बघितलंय. माझ्याकडे सुट्टीत फिजिक्स विचारायला जांबोटीकडची एक मुलगी यायची, दहावीपर्यंत मराठी, पीयूला सगळं एकदम इंग्लिश, तर पुस्तकात प्रत्येक ओळीवर पेन्सिलीनं बारीक अक्षरात त्वरण, घर्षण, संवेग असं लिहिलेलं. गणित तिला येत होतं, प्रश्न कळायलाच वेळ जायचा, आणि सीईटीचा पेपर इंग्लिश आणि कन्नडमध्ये, घड्याळ सगळ्यांना सारखंच. रूरलच्या 15 टक्के जागा अशा मुलींसाठीच आहेत, आणि त्यातही मार्क लागतातच, अर्धे पीयूचे, अर्धे सीईटीचे, रँक काढावीच लागते.

त्या नियमात खोट नाही असं नाही. बेळगाव शहरातल्या वडगाव-शहापूरच्या विणकराची पोरगी मागाच्या खडखडाटात अभ्यास करते, तिला रूरल नाही. कन्नड माध्यमाला 5 टक्के आहेत, मराठी माध्यमाच्या आपल्या पोरांना त्यात जागा नाही. हे मला मनापासून खुपतं, यावर बोलायलाच पाहिजे, पण म्हणून जे हक्काचं आहे ते लाजून सोडायचं का? आपल्या शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला रिकाम्या होणाऱ्या 50 टक्के नोकऱ्या मागासलेल्यांसाठी ठेवल्या, म्हणजे ही गोष्ट आपल्या मुलखाला सव्वाशे वर्षं माहीत आहे, त्यासाठी अमेरिकेच्या कोर्टाची परवानगी नको.

भावाशी ग्रुपवर भांडू नका, फोन करा, आणि पोरीनं ते वाचलं हे त्याला कळू द्या. बाकी आता कामाचं बघा. रूरल सर्टिफिकेटवर हेडमास्तरांची सही आणि मग बीईओ म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकारी ऑफिसची सही लागते, पहिली ते दहावी दहाही वर्षं त्यात नीट लिहिलेली पाहिजेत, शाळा बदलली असेल तर दोन्ही शाळांत जावं लागेल. आणि महाराष्ट्र सरकार सीमाभागातल्या ज्या 865 गावांवर हक्क सांगतं त्यांत तुमचं गाव असेल तर तिकडंही सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी प्रवेशाची वेगळी सोय असते, तेही विचारून ठेवा, पण त्यांची सीईटी वेगळी असते, फॉर्म वेगळा भरावा लागतो आणि तारीख निघून गेली की कुणी ऐकत नाही.