बी.एस्सी. नर्सिंगला एक पेपर राहिला आणि आजारपणात पोस्टिंग (हॉस्पिटलच्या वॉर्डातली ड्युटी) बुडालं, तर वर्ष वाया जातं का?

तू लिहिलंस ते थोडक्यात असं: तिसऱ्या सेमिस्टरला आहेस, दुसऱ्या सेमिस्टरची नर्सिंग फाउंडेशनची थिअरी गेली पण प्रॅक्टिकल पास झालं, बाकी सगळं पास. आता डेंग्यूमुळे तीन आठवडे घरी होतीस. सीनियर म्हणतात वर्ष गेलं, आणि घरी अजून काही सांगितलेलं नाही. मी महाराष्ट्रातल्या एका नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे. हजेरीची रजिस्टरं आणि लॉगबुकं हे माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझ्या विद्यार्थिनींच्याच वयाची आहेस, त्यामुळे तुला ‘तू’च म्हणते.

वर्ष वाया गेलेलं नाही. राहिलेल्या पेपरमुळे तर नाहीच. हजेरीचं मात्र आजच बसून गणित करायला हवं.

आधी सीनियरांचं बघू. 2021-22 च्या आधी प्रवेश घेतलेल्या मुलींना वार्षिक पॅटर्न होता. इंडियन नर्सिंग कौन्सिलने नवे नियम आणले, 2021 मध्ये ते राजपत्रात आले आणि तेव्हापासूनच्या बॅचेसना आठ सेमिस्टर आणि क्रेडिट पद्धत लागू झाली. जुन्या बॅचच्या ताया मनापासून सांगतात, पण त्यांचे नियम त्यांच्या वेळचे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कॉलेजात असशील तर परीक्षा विद्यापीठाची, अभिमत विद्यापीठात असशील तर त्यांची. पण किमान नियम दोन्हीकडे कौन्सिलचेच. विद्यापीठाची परिपत्रकं वर्षागणिक येत असतात, तेव्हा नोटीस बोर्डावरचं ताजं परिपत्रक वाचायची सवय लाव.

आता पेपरचं. नियमाप्रमाणे थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत वेगवेगळे 50 टक्के लागतात. फक्त इंग्रजी आणि इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) यांना 40 टक्के पुरतात. आणि दोन्हींपैकी एक जरी गेलं, तरी दोन्ही पुन्हा द्यावं लागतं. म्हणजे तुझं पास झालेलं प्रॅक्टिकलही परत. हे ऐकून मुली रडतात, आणि मला ते समजतं, कारण ओएससीईच्या (एकेका स्टेशनवर एकेक कौशल्य करून दाखवायची प्रॅक्टिकल परीक्षा) स्टेशनांवरून घामाघूम होऊन बाहेर पडल्यावर ‘हे पुन्हा’ म्हणणं सोपं नसतं. ग्रेसही आहे: एकाच विषयात नापास, बाकी सगळे पास, आणि पाचपर्यंत गुण थिअरीत मिळाल्याने सेमिस्टर सुटत असेल तरच. तुझा एकच विषय राहिलाय आणि तरी निकाल नापास आला, म्हणजे तूट बहुधा पाचाच्या वर आहे. मार्कलिस्ट घेऊन एकदा ट्यूटरना दाखव.

पण या एका पेपरमुळे तू तिसऱ्या सेमिस्टरमधून बाहेर जात नाहीस. चौथ्यातही बसशील. अडसर पाचव्या सेमिस्टरच्या परीक्षेला आहे: त्या परीक्षेआधी मागचं सगळं सुटलेलं असलं पाहिजे. तसाच अडसर सातव्या आणि आठव्या सेमिस्टरच्या परीक्षेला. या तिन्ही ठिकाणी वर्गात बसायला आणि पोस्टिंग करायला परवानगी असते, परीक्षेला नसते. संपूर्ण कोर्स आठ वर्षांत पुरा व्हायला हवा, ती शेवटची मर्यादा. म्हणजे तुझ्या हातात वेळ आहे, पण हा विषय चौथ्या सेमिस्टरनंतरसाठी ठेवू नकोस. पाचव्यात चाइल्ड हेल्थ, मेंटल हेल्थ आणि कम्युनिटी एकदम अंगावर येतात. त्यांच्या जोडीला जुना पेपर ओढणाऱ्या मुली दोन्हीकडे कमी पडताना मी दरवर्षी बघते.

नर्सिंग फाउंडेशन का जातं, हेही सांगते. विद्यापीठाची परीक्षा दुसऱ्या सेमिस्टरला असते, पण विषय पहिल्या आणि दुसऱ्या मिळून एकच असतो. पहिल्या सेमिस्टरला जे शिकवलं (व्हायटल साइन्स, इन्फेक्शन कंट्रोल, नोंदी ठेवणं, रुग्णाची सुरक्षितता, अॅडमिशन-डिस्चार्ज) ते कॉलेजच्या परीक्षेनंतर मुली बाजूला ठेवून देतात. मग दुसऱ्याला हेल्थ असेसमेंट, ऑक्सिजनेशन, फ्लुइड्स आणि औषधं देणं या भागात सगळा जीव ओततात, आणि पेपरात निम्मं अनोळखी दिसतं. तुझी पुन्हा तयारी पहिल्या सेमिस्टरच्या वहीपासून सुरू कर. दुसरी अडचण भाषेची. आपल्याकडे कितीतरी मुली मराठी माध्यमातून येतात. विषय येत असतो, ड्रेसिंग करताना हात सराईत चालतो, पण उत्तर इंग्रजीत उतरत नाही. तू त्यांतली असशील तर एकेका प्रोसिजरच्या पायऱ्या छोट्या छोट्या वाक्यांत, एका वाक्यात एकच क्रिया अशा लिहून काढ. तपासणाऱ्याला क्रम आणि कारण दिसलं पाहिजे. लांबलचक वाक्यांना वेगळे गुण नसतात. थिअरीच्या 100 गुणांपैकी 25 इंटर्नलचे असतात आणि 75 विद्यापीठाचे, तेव्हा ती 75 ची तयारी लिहूनच होते, नुसतं वाचून नाही.

आता हजेरी. तुझी खरी काळजी इथे आहे आणि कोणी नीट समजावून सांगत नाही.

परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयात थिअरीला वेगळी आणि प्रॅक्टिकलला वेगळी 80 टक्के हजेरी लागते. एकूण सरासरी काढून चालत नाही. नियमात गैरहजेरी कोणत्याही कारणाने असो, असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे डॉक्टरांच्या सर्टिफिकेटने टक्का वाढत नाही. तरीही सर्टिफिकेट दे, कारण बुडालेलं भरून काढायची परवानगी मागताना कॉलेजला कागद लागतो.

सेमिस्टर 20 आठवड्यांचं, आठवडा 40 तासांचा. तीन आठवडे म्हणजे 15 टक्के. सगळे विषय दर आठवड्याला सारखे वाटलेले असतील आणि तू याआधी एकही दिवस बुडवला नसशील, तर तू सगळीकडे 85 टक्क्यांवर आहेस आणि हातात फक्त एका आठवड्याची जागा उरते. पण टाइमटेबल असं सारखं क्वचितच असतं. तुझ्या सेमिस्टरचा मोठा विषय अॅडल्ट हेल्थ नर्सिंग. त्याचं क्लिनिकल 480 तासांचं, त्याच्या 80 टक्के म्हणजे 384. पोस्टिंग आठवड्याला 24 तास असेल तर तुझे 72 तास बुडाले, 408 राहतात, चाललं. पण तुमच्याकडे ब्लॉक पोस्टिंग (काही आठवडे सलग, पूर्णवेळ फक्त वॉर्ड) असेल आणि नेमका तोच ब्लॉक तापात गेला असेल, तर आठवड्याला 40 प्रमाणे 120 तास गेले. उरले 360, म्हणजे 75 टक्के. 24 तास कमी पडतात आणि प्रॅक्टिकलला बसता येत नाही. सेमिस्टर संपायच्या आत हे 24 तास भरले तर प्रश्न सुटतो. तीन-चार ड्युट्यांचं काम आहे, फक्त वेळ जाण्याआधी मागायला हवं.

छोट्या विषयांकडे कोणी बघत नाही आणि घात तिथे होतो. फार्माकॉलॉजी आणि पॅथॉलॉजीचा पहिला भाग या सेमिस्टरला प्रत्येकी 20 तासांचा आहे. त्यात चारच तास बुडवायची मुभा. आठवड्याला एक तास असेल तर तुझे तीन गेले. जोड तासिका असतील तर सहा गेले आणि तू 70 टक्क्यांवर आलीस. लेखी परीक्षा चौथ्या सेमिस्टरला आहे म्हणून मुली निर्धास्त असतात. तसं करू नकोस. विषयवार तास लिहून काढ: एकूण किती झाले, तू किती बसलीस, पुढे किती उरलेत. क्लास कोऑर्डिनेटर मॅडमकडून आकडे ताडून घे. इंटर्नलमध्ये हजेरीला वेगळे गुण असतात, पण ते दोनच असतात. त्यांची हळहळ नको.

यापुढचं नीट वाच. 80 टक्के ही परीक्षेला बसण्याची अट. पदवी हातात पडायला प्रत्येक क्लिनिकल विभागातली हजेरी 100 टक्के लागते. बुडालेला एकेक दिवस कधी ना कधी भरायचाच आहे, आणि त्याच विभागात. ऑपरेशन थिएटरचे दिवस मेडिकल वॉर्डात भरून निघत नाहीत. मुली म्हणतात, आठव्या सेमिस्टरला बघू. पण आठव्याला 22 आठवड्यांची इंटर्नशिप असते, आणि तिच्यावर मागची ड्युटी चढवली की सुट्टी उरत नाही. तुझे तीन आठवडे चौथं सेमिस्टर सुरू होण्याआधीच्या सुट्टीत संपव.

हा 100 टक्क्यांचा नियम मला योग्य वाटतो, आणि त्यावर मी ठाम आहे. ज्या मुलीने ऑर्थो वॉर्ड पाहिलाच नाही, तिच्या हाती पुढे ट्रॅक्शनमधला पेशंट रात्रपाळीत एकटा पडणार असतो. पण म्हणूनच तो नियम खरोखर पाळला जावा असंही वाटतं. दिवसामागे दंड भरला की हजेरी पूर्ण, असं काही ठिकाणी चालतं हे मी ऐकत आले आहे. कोणी तुला असं सुचवलं तर पैसे देऊ नकोस. दंडाने तास भरत नाहीत, आणि कौन्सिलच्या नियमात तशी सोय नाही. उलट ड्युटी भरायची लेखी परवानगी माग: प्रिन्सिपल मॅडमच्या नावे अर्ज, सोबत सर्टिफिकेट आणि डिस्चार्ज कार्ड, कोणत्या विभागाचे किती दिवस बुडाले आणि कोणत्या तारखांना भरणार ते स्पष्ट. ड्युटी झाली की त्याच दिवशी वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरची सही घे. महिन्याने गेलीस तर सिस्टरची बदली झालेली असते किंवा रजिस्टर सापडत नाही. आपली एक झेरॉक्स आपल्याजवळ ठेव.

आजारातून उठल्यावर लगेच दुहेरी ड्युट्या मात्र लावून घेऊ नकोस. डेंग्यूनंतर थकवा बरेच दिवस राहतो. चक्कर येत असताना आठ तास उभं राहून औषधं देणं पेशंटलाही धोक्याचं आहे.

मॉड्यूल्सबद्दलही (विषयातच बसवलेले छोटे कोर्स) एक शब्द. तिसऱ्या सेमिस्टरच्या अॅडल्ट हेल्थमध्ये बीसीएलएसचं (बेसिक कार्डिअॅक लाइफ सपोर्ट, म्हणजे हृदय बंद पडल्यावरचे प्राथमिक उपचार) मॉड्यूल आहे. ते अनिवार्य, आणि त्यातही 50 टक्के लागतात. तुझ्या तीन आठवड्यांत ते झालं असेल तर पुढची बॅच कधी, ते आत्ताच विचारून नाव नोंदव.

घरच्यांना सांगण्याबद्दल तू शेवटी विचारलंस. माझं मत विचारशील तर या आठवड्यातच सांग, आणि सांगताना कागद समोर ठेव: एक विषय राहिलाय, तो अमुक परीक्षेला देणार, पुढच्या सेमिस्टरला अडचण नाही, इतके दिवस भरायचेत. आईवडिलांना भीती ‘नापास’ या शब्दाची नसते. फी भरली, हॉस्टेलला ठेवलं आणि मुलीचं काय चाललंय ते कळत नाही, याची असते. त्यांना तारखा दिल्यास की ती कमी होते. शिवाय सुट्टीत ड्युटी भरायला थांबणार असशील तर हॉस्टेलच्या परवानगीला पालकांची सही लागते. रिपीटरचा परीक्षा फॉर्म आणि त्याची फी नियमित फॉर्मपेक्षा वेगळी भरावी लागते, त्याची नोटीस नियमित परीक्षेच्याच सुमारास लागते. तो फॉर्म कॉलेजच्या ऑफिसात कोण बघतं ते उद्या विचारून ठेव. विषयवार तासांचा तुझा हिशेब झाला की इथेच कॉमेंटमध्ये लिही, मी बघते.